“लिहा” म्हणणाऱ्या बाई

बाई चिडल्या की त्यांचा आवाज खाली जायचा. इतका खाली, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे आणि एकदा वाकला की मागे सरायची सोय उरत नसे. महाडच्या मुलींच्या शाळेत त्या शिकवायच्या. विधवा होत्या, केस राखले होते, एकट्या राहायच्या. गावाला बोलायला एवढं पुरेसं होतं. गाव काय बोलतं ते त्यांच्या कानावर येई, पण आपला राग असल्या गोष्टींवर त्यांनी कधी खर्च केला नाही.

मुंबईचं एक सेवामंडळ दर उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना खेड्यांत पाठवायचं. त्या वर्षी पहिल्यांदाच मुली पाठवायचं ठरलं. मी आणि सुशीला बाणकोटपर्यंत आगबोटीने आणि पुढे सावित्रीतून लाँचने महाडला आलो. आम्हाला बाईंच्या हाताखाली काम करायचं होतं. आमच्या ट्रंकेत साबणाच्या वड्या, क्विनाइन आणि स्वच्छतेची रंगीत चित्रं होती. बाईंनी ट्रंक उघडायला लावली, क्विनाइन तेवढं काढून घेतलं.

“साबण नाही म्हणून ही माणसं गरीब आहेत, असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“मंडळाच्या चिटणीसांनी,” सुशीला म्हणाली.

“मग वड्या त्यांनाच परत न्या. त्यांच्या उपयोगी पडतील.”

पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत त्यांनी आमची सोय केली. आमचं बिऱ्हाड सकूच्या घरी. सकूचा नवरा मुंबईला गिरणीत होता आणि शेत तिच्याच अंगावर होतं. बाईंनी बजावलं होतं, आधी उपदेश नाही. दळा, पाणी भरा, ऐका. रविवारी त्या स्वतः डोंगर चढून येत आणि आम्ही काय ऐकलं ते विचारत. त्यांना एका गोष्टीची चीड होती. सुशीला एकदा म्हणाली, “इथे भाताची लावणी फार उशिरा होते, म्हणून पीक हाताला लागत नाही.”

“होते? आपोआप होते? करायला उशीर कोण लावतं, ते विचारून ये.”

आम्ही सकूला विचारलं. ती जात्यावर बसली होती.

“खोताची लावणी झाल्याबिगर आपल्या वावरात पाय नाय घालायचा. घरटी एक माणूस वेठीला द्यायचा. आमच्याकडं बाप्या नाय, म्हंजे मीच जायचं.”

“आणि मजुरी?”

“वेठीला कसली गो मजुरी?” ती हसली. मग हसू गेलं. “गेल्या साली मी ओली बाळंतीण. खोताचा माणूस दारात उभा. पोरीला बांधावर इरल्याखाली ठेवली नि चिखलात उतरले. दिसभर पाऊस धरलेला. पोर फणफणली, नि गेली.” जातं मात्र तिनं थांबवलं नाही.

रविवारी आम्ही हे बाईंना सांगितलं. “सकूची मुलगी गेली,” मी म्हणाले. बाई अगदी हळू म्हणाल्या, “गेली नाही. मारली.”

त्याच उन्हाळ्यात खोत आणि कुळांच्या तक्रारी ऐकायला सरकारचा एक अधिकारी महाडला येणार होता. बाईंना तेवढंच हवं होतं. त्या म्हणायच्या, “वाडीत बसून हळहळलात तर वाडीतलंच वारं हलेल. कायदा जिथे होतो तिथपर्यंत हे पोचलं पाहिजे.” अर्ज आम्ही लिहिला. त्यात ‘दीनदुबळी कुळे’ असे शब्द होते. बाईंनी ते खोडले. “दीन नाहीत. लुबाडलेली आहेत. तसं लिहा.”

ठरल्या दिवशी वाडीतल्या बायका पहाटे निघून महाडच्या सरकारी बंगल्यावर पोचल्या. खोत आधीच आत, खुर्चीवर बसलेला. बायका उन्हात उभ्या. सकूचं नाव पुकारलं तेव्हा अधिकारी म्हणाला, “खोतांचं म्हणणं, तुम्ही लोक खुशीने येता. रीत आहे म्हणून.”

“खुशीनं?” सकू म्हणाली. “माझी पोर काय खुशीनं मेली का वो सायब?”

कारकुनाचा टाक थांबला. अधिकाऱ्याने त्याला सांगितलं, “हे नको. याचा इथे संबंध नाही.”

बाई दारातून पुढे आल्या. “लिहा,” त्या म्हणाल्या. अधिकाऱ्याला ऐकू गेलं नसावं. तो पुढे वाकला. “या बाईने जे सांगितलं ते तिच्या शब्दांत लिहा. तोवर मी इथेच उभी आहे.” बाहेरच्या बायका एकेक करून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. कोणी ओरडलं नाही. शेवटी कारकुनाने लिहिलं आणि बाईंनी ते त्याच्याकडून मोठ्याने वाचवून घेतलं.

त्याची किंमत लगेच वसूल झाली. शाळेच्या कमिटीने बाईंना कमी केलं; कारण दिलं, प्रकृती. बाईंची प्रकृती ठणठणीत होती. मंडळाचे चिटणीस मुंबईहून धावत आले. मंडळाला देणग्या देणाऱ्यांत खोताचे सोयरे होते. “सेवा करायला पाठवलं होतं, भांडणं लावायला नाही,” ते आम्हाला म्हणाले.

बाई म्हणाल्या, “भांडण आधीपासून होतं. एकच बाजू मारत होती, म्हणून तुम्हाला ते शांत वाटत होतं.”

सुशीलाला घरच्यांनी बोलावून घेतलं. मी राहिले, आणि मंडळाने माझं नाव काढून टाकलं. त्याचं दुःख मला तेव्हाही झालं नाही.

आषाढात खोताच्या शेतावर वाडीतलं कोणीच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची माणसं आली आणि भर पावसात त्यांनी सकूच्या घराचं छप्पर ओढून पाडलं. बाई महाडहून वळकटी घेऊन आल्या आणि त्या उघड्या घरात, चिखलात, वळकटीवर बसल्या. उठवायला आलेल्या खोताच्या माणसाला त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. तो वाकला, ऐकलं आणि निघून गेला. संध्याकाळच्या आत वाडीने नवीन पेंढा चढवला. त्या वर्षी सकूने आपलं वावर आधी लावलं.

बाई मग वाडीतच राहिल्या. पोरांना शिकवायच्या, अर्ज लिहायच्या, मला मुंबईत कौन्सिलच्या सभासदांच्या दारी पाठवायच्या. मी शिकवायला लागल्यावर दर सुट्टीत माझे विद्यार्थी त्यांच्याकडे नेऊ लागले. शेवटच्या भेटीत हिवतापाने त्यांची काडी झाली होती. मुंबईला दवाखान्यात चला म्हटलं, तर त्यांनी कौन्सिलपुढच्या खोती बंद करायच्या बिलाचंच विचारलं. पुढे ढकललं, असं मी सांगितलं. “मग आजाऱ्यापाशी काय बसलीस? जा, ज्यांनी ढकललं त्यांना गाठ.” त्या श्रावणात त्या गेल्या. वाडीनेच त्यांना पोचवलं. शाळेतून कोणी आलं नाही.

कायदा झाला तो पुष्कळ वर्षांनी, स्वराज्य आल्यावर. खोती संपली, हे सांगायला मी वाडीवर गेले. सकू म्हातारी झाली होती. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

“म्हंजे ते वंगाळ होतं, ह्ये सरकारला पटलं?”

“पटलं.”

“मग माझ्या पोरीचं काय?”

मी ते तिच्या शब्दांत लिहून घेतलं आणि सरकारकडे पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही.