खाडीकाठचा सायकल ट्रॅक

जेसीबीचं इंजिन बंद होतं. ड्रायव्हर उतरून सावलीत बसला होता आणि मशीनच्या पुढ्यात सायकली आडव्या टाकल्या होत्या. सायकलींच्या मागे शेजारच्या चाळीतली माणसं उभी. त्यातही बायका जास्त. आरडाओरडा मात्र अजिबात नव्हता. सुपरवायझर मला फोनवर म्हणाला होता, "मॅडम, ये लोग झगडा भी नहीं कर रहे, हट भी नहीं रहे. आप ही आ जाओ."

मी ड्रेनेज इंजिनिअर आहे. पावसाचं पाणी रस्त्यावरून गटारात आणि गटारातून खाडीत कसं जाईल, ते बघणं हे माझं काम. सुरतेत खाडी म्हणतात ती शहरातून वाहणाऱ्या ओढ्याला. उधना भागातल्या अशाच एका खाडीला लागून एक सखल प्लॉट होता. त्यात भराव घालून तो सपाट करायचा, खालून पाइप न्यायचा आणि वर पार्किंग करायचं, असं डिझाइन आधीच्या टीमने करून ठेवलं होतं. मी अंमलबजावणीला आले होते. सर्व्हेच्या नकाशात त्या प्लॉटवर उंचवटे दाखवले होते आणि शेजारी लिहिलं होतं 'डेब्रिस', म्हणजे बांधकामाचा टाकाऊ माल.

प्रत्यक्षात तिथे पंप ट्रॅक होता. हे नाव मलाही तिथेच कळलं. मातीच्या लाटा एकापुढे एक रचलेल्या असतात. त्यावरून सायकल नेताना पेडल मारायचं नाही. अंग खाली-वर हेलकावत राहायचं, त्या जोरावर सायकल पळते. वळणावर माती कडेने चढवून तिरपी भिंत केलेली असते. तिला बर्म म्हणतात. तिच्यामुळे सायकल जोरात असली तरी घसरत नाही.

"कुणी बांधलं हे?" मी विचारलं.

"आम्हीच," एकजण पुढे आला. त्याचं नाव दीपक. डाइंग मिलमध्ये काम करणारा, चाळिशीचा माणूस. "लॉकडाउनमध्ये मिल बंद, लूम बंद. निम्मी चाळ गावाला गेली. जे राहिले त्यांच्या हाताला काम नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघितला आणि माती ओढायला लागलो. आधी लोक हसले. मग तेच घमेली घेऊन आले."

शेजारी त्याची बायको वंदना होती. घरी साड्यांना स्टोन चिकटवायचं काम करायची. माझं बोलणं तिने थोडं ऐकलं आणि म्हणाली, "ताई, तुमी कोनता गावना?"

"अमळनेरकडची."

"मंग खरं सांगा. आमनं मैदान जाई का?"

घरची अहिराणी कानावर पडली की माणूस लगेच हो म्हणायला जातो. पण साइटवर शब्द द्यायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. मी एवढंच म्हणाले, "आज मशीन चालणार नाही. पुढचं बघून सांगते."

"म्हणजे उद्या चालणार," वंदना शांतपणे म्हणाली. तिने सायकल उचलली नाही.

मी प्लॉटवरून फिरले. दीपक बरोबर होता. मी सवयीने विचारलं, "पावसाळ्यात इथे काय होतं?"

"बुडतं सगळं. खाडी भरली की पाणी इथे येऊन बसतं. ओसरलं की आम्ही परत फावडी काढतो."

"आणि चाळीत?"

"पायरीपर्यंत येतं. घरात कधी कधीच."

तिथे मी थांबले. खाडी भरलेली असते तेव्हा गटाराच्या पाइपाचं तोंड पाण्याखाली जातं. मग पाणी बाहेर जायचं सोडून मागे सरकतं. ते पाणी आजवर या प्लॉटवर विसावत होतं. डिझाइन करताना मात्र प्लॉट डेब्रिसने भरलेलाच धरला होता, म्हणजे इथे पाणी मावतच नाही असं गृहीत. आता खरोखरच भराव घातला, तर हे पाणी जाणार कुठे?

ऑफिसला येऊन मी जमिनीच्या उंचीच्या लेव्हल पुन्हा टाकल्या आणि कॉम्प्युटरवर पुराचं मॉडेल चालवलं. उत्तर पुन्हा पुन्हा तेच येत होतं. पाणी चाळीच्या पायऱ्या चढून घरात शिरत होतं.

क्लायंटकडून, म्हणजे महापालिकेकडून, हे काम देसाईसाहेब बघायचे. माणूस सरळ, पण फाइल पुढे सरकली पाहिजे हा एकच ध्यास. मी ट्रॅकचे फोटो काढून समोर ठेवले, तसे ते म्हणाले, "बहेन, इमोशनल वात नहीं करवानी. सायकल चलाववा माटे गार्डन छे ने."

मी फोटो परत पिशवीत टाकले आणि मॉडेल उघडलं. "साहेब, सायकल राहू दे. भराव घातला तर पाणी चाळीत जातंय. हे बघा."

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. प्रश्न विचारले, आणि ते सगळे बरोबर होते. शेवटी म्हणाले, "तो पछी शुं करवानुं?"

"प्लॉट सखलच ठेवायचा. पावसाचं पाणी तिथे थोडा वेळ थांबेल, खाडी उतरली की आपोआप निघून जाईल. याला डिटेन्शन बेसिन म्हणतात. बाकीचं वर्ष जागा रिकामी असते, तेव्हा तिथे काहीही चालू शकतं. सायकलसुद्धा."

ते हसले. मला वाटलं, झालं. मग त्यांनी विचारलं, "कोई छोकरानो हाथ भांगे तो जवाब कोण आपशे?"

पोराचा हात मोडला तर जबाबदार कोण? प्रश्न चुकीचा नव्हता.

मी परत ट्रॅकवर गेले, या वेळी फक्त धोका शोधायला. लहान लाटा ठीक होत्या. बर्म मजबूत होते. पण टोकाला एक मोठी उडी होती. सायकल चढावरून सुटून हवेतून पलीकडच्या उतारावर पडायची. पलीकडचा उतार संपला की लगेच विजेचा खांब. तिथल्या सगळ्यांचा जीव त्या उडीत अडकलेला होता. तिला ते घाटावरच्या हिल स्टेशनच्या नावाने 'सापुतारा' म्हणायचे.

"ही काढावी लागेल," मी दीपकला म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, ही काढली तर उरलं काय? बाहेरची पोरं हिच्यासाठीच येतात. कडोदऱ्याहून येतात."

"खांब बघा."

"आजवर कुणी खांबाला आदळलं नाही."

"आदळेल तेव्हा पूर्ण ट्रॅक जाईल. मी काय, कुणीच वाचवू शकणार नाही."

तो उडीच्या माथ्यावर जाऊन बसला. बाकीचे सगळे पाठ फिरवून उभे राहिले. मला तिथून निघावंसं वाटत होतं, तरी मी थांबले. हा निर्णय माझ्या सहीने झाला असता तर ते पाडकाम ठरलं असतं. त्यांनी घेतला तरच तो टिकणार होता.

शेवटी वंदना बोलली. तिशी उलटल्यावर ती याच ट्रॅकवर सायकल शिकली होती. "ही उडी मी कधी मारली नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि रोज येते. माझ्यासारख्या किती येतात, मोज एकदा."

दीपक उठला. "काढतो," तो म्हणाला. "पण मशीन नाही लावायचं. आम्ही बांधली, आम्हीच उतरवू."

रविवारी सगळी चाळ फावडी घेऊन आली. सापुतारा हळूहळू खाली आला. माती फेकली नाही, दुसऱ्या टोकाच्या बर्मवर चढवली. दीपक दिवसभर घमेली वाहत राहिला. संध्याकाळी त्याने त्या वाढवलेल्या बर्मवरून एक फेरी मारली आणि उतरून म्हणाला, "ठीक आहे." कौतुकही नव्हतं त्यात, तक्रारही नव्हती.

देसाईसाहेबांनी बदललेलं डिझाइन मान्य केलं. काठाला पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी, पाणी असताना प्रवेश बंद, हेल्मेटशिवाय ट्रॅकवर नाही, अशा अटी घातल्या. चाळीने त्या पाळल्या. हेल्मेटची अट वंदना पोलिसापेक्षा कडकपणे पाळायला लावायची.

त्या पावसाळ्यात खाडी भरली. मी साइटवर पोचले तेव्हा प्लॉटचं तळं झालं होतं. लाटांचे माथे तेवढे पाण्याबाहेर, म्हशी बसल्यासारखे. चाळीच्या पायऱ्या ओल्या होत्या, उंबरे कोरडे होते. पाणी उतरल्यावर दोन बर्म वाहून गेलेले दिसले. आठवड्याभरात ते पुन्हा उभे राहिले. या दुरुस्तीसाठी कुणी ऑफिसात अर्ज केला नाही.

आज त्या जागेची नोंद 'तात्पुरते जलसंचय क्षेत्र' अशी आहे. सायकल हा शब्द कुठेही नाही. मी तो घालायचा प्रयत्न केला होता. देसाईसाहेबांनीच काढायला लावला. म्हणाले, "बहेन, सायकल लखशो तो कोईक पूछशे. पाणी लखो. पाणीने कोई नथी पूछतुं." सायकल लिहिलं की कुणीतरी विचारणार; पाण्याला कुणी विचारत नाही.

लोकांनी स्वतःसाठी बांधलेलं काही वाचवायचं असेल, तर ते किती सुंदर आहे हे सरकारी टेबलावर सांगत बसू नये. ते कुठलं काम फुकटात करतंय, तेवढं शोधावं.