अर्ध्या पुडीच्या नूडल्स

बाबांना कुठलंही पक्वान्न वाढा, ते आधी विचारायचे, घरात नूडल्सचं पाकीट आहे ना? लग्नाआधी आखातात नोकरीला आल्यावर ते देरामध्ये शेअरिंगच्या खोलीत राहिले. तिथे शिकलेली ही एकच पाककला, आणि तिचा तोरा केवढा! कांदा कडा करपेपर्यंत परतायचा, मिरची उभी चिरायची, नूडल्स जराशा कच्च्या असतानाच गॅस बंद. वरून चमचाभर लबनेह, म्हणजे इथलं घट्ट आंबट दही, आणि खायला बसताना चिप्सचा चुरा. मसाल्याची पुडी पूर्ण, शिवाय दुसऱ्या पाकिटातली चिमूटभर. अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये हा शनिवार सकाळचा कार्यक्रम असायचा आणि तेवढा वेळ आईला स्वयंपाकघरात बंदी.

मग बाबांच्या किडन्या बिघडल्या. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलं, नूडल्सचं तर नावच काढू नका म्हणाले. बाबा इतके हिरमुसले की आईनेच मधला मार्ग काढला. शनिवारी थोड्याशा चालतील, पण करणार ती. पहिलं पाणी ओतून द्यायचं, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, ठेचलेला लसूण, किसलेला कोबी, वरून लिंबू. मसाला मात्र अर्धीच पुडी. उरलेल्या पुडीचं तोंड दुमडून ती त्याला कपड्यांचा चिमटा लावायची. त्या सुधारलेल्या नूडल्स वाईट नव्हत्या, पण मला त्यांचा राग यायचा. आजारपणच बशीत वाढल्यासारखं वाटायचं. बाबांनी सुरुवातीला नाक मुरडलं, मग तेही सोडून दिलं. समोर येईल ते गुमान खायचे.

डायलिसिस सुरू झाल्यावर एका शनिवारी मात्र ते आईला म्हणाले, “अगं, एकदा पूर्ण पुडी टाक ना. खलास, परत नाही मागणार.”

“रिपोर्ट चांगला येऊ दे,” आई म्हणाली. “पुढच्या शनिवारी, इन्शाल्ला.”

पुढच्या शनिवारी बाबा आयसीयूत होते. तिथून ते घरी आलेच नाहीत.

आई फारशी रडली नाही. एकच धरून बसली, की एका पुडीने असं काय झालं असतं. मी आणि माझा धाकटा भाऊ समजावून थकलो. तेराव्याला गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होते. गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानात वाढायचं आणि ते पान कावळ्याला ठेवायचं. तो शिवला की इच्छा उरली नाही, असं मानायचं. नूडल्स चालतील का, असं आईने विचारलं. गुरुजी चालतील म्हणाले.

त्या दिवशी तिने कुणाला शेगडीजवळ येऊ दिलं नाही. सगळं बाबांच्या पद्धतीने करायचं होतं, पूर्ण पुडी घालून. परततानाही ती ‘पूर्ण पुडी, पूर्ण पुडी’ असं पुटपुटत होती. पानासाठी केलेलं आधी चाखत नाहीत, म्हणून कुणी चाखलं नाही. वॉचमनने गच्ची उघडून दिली. पान ठेवून आम्ही मागे सरतो न सरतो तोच कावळा आला, आणि खीर-पुरी सोडून थेट नूडल्सवर. आईचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. मी असलं काही मानत नाही, तरी मलाही हायसं वाटलं.

खाली येऊन जेवायला बसलो आणि पहिल्याच घासाला मला कळलं. नूडल्स आळणी होत्या. मी मान खाली घालून गिळत राहिले, भावालाही डोळ्यांनी गप्प केलं. पण आईने घास घेतला आणि तिचा हात थांबला. ती उठून ओट्याकडे गेली. तिथे अर्धी पुडी होती, तोंड नीट दुमडून चिमटा लावलेली. आपण ती कधी दुमडली, हे तिला आठवतही नव्हतं. इतक्या शनिवारांची हाताची सवय.

भाऊ म्हणाला, “इट्स ओके, आई. कावळ्याने खाल्लं ना.”

आई पुडी हातात घेऊन उभी होती.

“तेही खायचेच की रे,” ती म्हणाली. “मी देईन ते.”