बादलीमामा आणि खोलीचं तापमान

माझा मावसभाऊ एका हॉटेलात वाईन वाढायचा. तिथं त्याला सगळे बादलीमामा म्हणत. उन्हाळा लागला की हा गडी पत्र्याच्या बादलीत निम्मं पाणी, निम्मा बर्फ घालून लाल वाईनच्या बाटल्या बुडवायचा. फार वेळ नाही. जड वाईन दहा मिनिटं, हलकी वीस. मग बाटली पुसून मनगटाची आतली बाजू तिच्या गळ्याला लावायचा, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी. "झाली," म्हणायचा, आणि ती झालेली असायची.

स्वतः मात्र घोट गिळायचा नाही. तोंडात घोळवून मोरीत थुंकायचा. वहिनी म्हणायची, "तेवीस वर्षं थुंकून संसार केला यांनी."

तळघराची किल्ली त्याच्या कमरेला सुतळीनं बांधलेली. तेवढीच त्याची जहागीर. गिऱ्हाइकानं उकाड्यात भारीतली जड वाईन मागितली तर सरळ सांगायचा, "साहेब, भर दुपारी घोंगडी कशाला पांघरताय? हलकी घ्या." आणि पेला अर्ध्याच्याही खाली भरायचा. जास्त ओतली की पिईपर्यंत कोमट होते.

थोरल्या मालकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. टेबलावर वाईन बेताची गार येते, ही आपल्या तळघराची करामत, असं ते चारचौघांत सांगत. मामा पूर्वी फरशी पुसत असेल, म्हणून बादली नाव पडलं असेल, अशी त्यांची समजूत. मामानंही कधी सांगितलं नाही. चांगलं काम आपण होऊन बोलतं, असं त्याला वाटे. कुठलं बोलतंय!

मग थोरल्यांचे गुडघे गेले आणि त्यांचे चिरंजीव, धाकटे मालक, गल्ल्यावर आले. तीन महिन्यांचा कोर्स करून आलेले. पहिल्याच दिवशी त्यांना बादली दिसली.

"हे काय? लाल वाईन बर्फात?"

"पाण्यात आहे, मालक. बर्फ पाण्यात आहे."

"पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. लाल वाईन खोलीच्या तापमानाला द्यायची."

"कुणाच्या खोलीच्या?"

मागं वाढपी फिस्सकन हसले. ते हसू मामाला महागात पडलं.

"नाही, ज्यानं लिहिलं त्याची खोली दगडी भिंतींची असेल," मामा म्हणाला. "आत स्वेटर घालून जेवत असतील. आपल्याकडं वाटीत लोणी वितळतंय."

"तुमचं शिक्षण किती, मामा?"

"बादलीपुरतं."

संध्याकाळच्या आत बादली झाडांना पाणी घालायला माळ्याकडं गेली. पुन्हा बाटली पाण्यात दिसली तर किल्ली काढून घेईन, असं धाकट्यांनी बजावलं.

महिन्याभरात हॉटेलला चाळीस वर्षं झाली. थोरल्यांनी चाळीस जुन्या गिऱ्हाइकांना दुपारच्या जेवणाला बोलावलं. वाईन धाकट्यांनी निवडली, सगळ्यांत जड. शोभा म्हणून सकाळपासून बाटल्या खिडकीजवळच्या टेबलावर मांडल्या. बारापर्यंत ऊन त्यांच्यावर येऊन बसलं.

आचारी मामाच्या कानाशी लागला. "मागच्या मोरीत बर्फ ओतून ठेवलाय. दहा मिनिटं बुडवून आण. धाकटे पाहुण्यांत अडकलेत, कुणाला कळतंय?"

मामानं बाटलीला मनगट लावलं. चांगला ताप होता. हात मोरीकडं वळलाही. पण महिनाभर पोटात साचलेलं वर आलं.

"नको. हुकूम तो हुकूम. एकदा थोरल्यांच्या जिभेवर पडू दे. मग विचारतील, मामा, आधी कशी देत होतास? तेव्हा सांगतो."

आणि त्यानं वाढली. उन्हानं वाईनचा नुसता भपकारा नाकात जात होता. एकानं पेला बाजूला सारला. दुसऱ्यानं पाण्यातला बर्फ चमच्यानं उचलून त्यात टाकला. म्हातारे डॉक्टर म्हणाले, "हा काढा मी लिहून दिलेला नाही बरं का!" सगळे हसले. थोरले मालक तेवढे हसले नाहीत. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. मामा हात बांधून उभा राहिला. आता विचारतील.

थोरल्यांनी विचारलं. "तळघराची किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं."

"चाळीस वर्षांत माझी वाईन अशी लागली नाही. सडवलीस तू."

"सडली नाही, मालक, तापलीय. आधी मी बादलीत..."

"आता बादलीवर ढकला," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी हात पुढं केला. तेवीस वर्षांची गाठ, सुटता सुटेना. शेवटी आचाऱ्यानं सुरीनं सुतळी कापली.

घरी वहिनीनं ऐकून घेतलं. "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन. बुडवल्या असत्या तर काय झिजला असतात?"

"धाकटा खरा ठरला असता."

"मग आता कोण ठरलं?"

मामा जेवत राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात हॉटेलात टेबलागणिक पितळेची चकचकीत बादली आली. सोबत छापील कार्ड: 'गार लाल वाईन, धाकट्या मालकांची खास पद्धत.' बादलीत नुसता बर्फ, पाण्याचा थेंब नाही, आणि बाटली तासभर त्यात. वाईन इतकी गारठायची की तोंडात नुसता तुरटपणा उरे. मामा कोपऱ्यात काटे-चमचे पुसत असे.

एकदा जुन्या गिऱ्हाइकानं त्याला हाक मारली. "मामा, जास्तच गार झालीय का हो ही? बघा जरा."

मामाचं मनगट बाटलीकडं निघालं होतं. त्यानं ते मध्येच आवरलं आणि फडक्याला पुसलं.

"मी चमच्यांचा माणूस, साहेब," तो म्हणाला. "बाटलीतलं मला काय कळतंय?"