मानेमागची चामखीळ

माझ्या मानेमागे एक चामखीळ होती आणि तिला देठ होता. वांग्याला असतो तसाच, फक्त बारीक. कॉलर घासली की ठणकायची.

खापा गावी राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीला फोनवर सांगितलं. ती उसळलीच, "डॉक्टर कायले पाहिजे गा तुले? देठाले घोड्याच्या शेपटीचा केस बांध. आपोआप गळून पडते!"

आता घोडा आणू कुठून? (माझ्याकडे धड सायकल नाही!) पण लग्नसराई होती. संध्याकाळी गल्लीतून वरात निघाली. मी नाचत आत घुसलो, नाचत नाचत घोडीमागे सरकलो आणि उपटला केस! घोडी अशी उसळली, की नवरदेव तिच्या मानेला मिठी मारून "मम्मीऽऽ" ओरडला!

"ओ काका, काय करून राहिले?" वरातीतला एकजण ओरडला.

"नजर काढून राहिलो!" मी ठोकून दिलं. नवरदेवाच्या आईने भर रस्त्यात माझ्या पाया पडून घेतलं.

खरी पंचाईत घरी आल्यावर. देठ मागे आणि घरात माणूस एकच! दोन आरसे लावले, हात आखडले, घामाघूम झालो आणि शेवटी केस बांधला तो शर्टाच्या लेबलला! आमची ही असती तर चष्म्याशिवाय गाठ मारली असती, वर चार शब्द सुनावले असते. मला रडूच आलं. चामखिळीपायी रडणारा माणूस अख्ख्या नागपुरात मी एकटाच असेन.

शेवटी लाज सोडून समोरच्या मेश्रामांची बेल वाजवली. मेश्रामभाऊंनी टॉर्च धरला, वहिनींनी गाठ मारली.

"रोज दाखवत जा भाऊजी. गाठ ढिली पडते."

मग काय! रोज चहा, रोज चिवडा, रोज माझ्या मानेवर चर्चा. फक्त रविवारी फोन करणारी पुण्याची लेकही रोज विचारू लागली, "बाबा, पडली का?"

आणि एका सकाळी मेली पडली की हो! टॉवेलातच सापडली.

"सुटले एकदाचे!" वहिनी म्हणाल्या. लेकीचा फोन पुन्हा रविवारवर गेला. मी चार दिवस भिंतीकडे बघत जेवलो.

पाचव्या दिवशी बेल वाजवली आणि कोपर पुढे केलं. "वहिनी, हा काळा ठिपका वाढून राहिला का हो?"

वहिनींनी चष्मा लावला, नखाने ठिपका उचलला.

"भाऊजी, फोडणीतली मोहरी आहे ही!"

"असं का?" मी म्हणालो. "मग उद्या पुन्हा दाखवू?"