ताशी बासष्ट

नागपूरच्या बेसा भागात आमच्या इमारतीसमोर आणखी एक इमारत उठते आहे. सकाळी तिथे रेतीचे ट्रक येतात आणि मी गॅलरीत चहा घेत ते बघत बसते. परवा त्यांत एक फार जुना ट्रक होता, लांब नाकाचा, रंग उडून पत्रा दिसणारा. फाटकाशी त्याने करकचून ब्रेक लावले आणि ब्रेकच्या तापलेल्या लायनरचा वास वर आला. केस आणि रबर एकत्र जाळावेत तसा तो वास असतो. मी कप खाली ठेवला आणि आत जाऊन गॅलरीचं दार लावून घेतलं. साठीला आलेली मी, जन्मभर मुलांना भौतिकशास्त्र शिकवलेली बाई. पण या वासाची मला अजूनही भीती वाटते.

असाच एक ट्रक आमच्या घरी होता. माझ्या मोठेबाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. माझे वडील लवकर गेले, आणि नागपुरातच सक्करदऱ्याच्या दोन खोल्यांत मला वाढवलं ते मोठेबाबांनी आणि त्यांच्या बायकोने, मोठ्या आईने. ते छिंदवाड्याकडून दगडी कोळसा आणत. बोटांच्या पेरांत कोळशाची काळी रेघ कायमची बसलेली, बोलणं कमी, आणि गाडीबद्दल बोलले तर एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं. गाडीचा काटा कधीचाच बंद पडला होता. वेग त्यांना कानाने कळायचा.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा ती गोष्ट घडली. घाट संपला की नागपूरच्या बाजूला एक लांब, सरळ उतार लागतो आणि त्याच्या पायथ्याशी एक गाव. तिथे भर दुपारी, शाळेतून सायकलवर परतणाऱ्या एका मास्तरांना मोठेबाबांच्या ट्रकने उडवलं. मास्तरांचा पाय मोडला, कमरेचं हाड मोडलं, आठ दिवस ते शुद्धीवर नव्हते. त्या आठ दिवसांत आमच्या घरी कोणी पोटभर जेवलं नाही. दारावर थाप पडली की मोठी आई आधी देवाकडे बघायची आणि मग दाराकडे. मास्तर शुद्धीवर आले, पण गुन्हा दाखल झालेलाच होता. गावकऱ्यांनी सांगितलं होतं, ट्रक वाऱ्यासारखा आला, ऐंशी तरी असेल.

"मायी गाडी साठाच्या वर जातच नाही," मोठेबाबा प्रत्येकाला सांगत. "म्हातारी झाली ते. पळवतो म्हटलं तरी पळत नाही."

आमच्या वकिलांनी विचारलं, हे दाखवता येईल का? कोपऱ्यात बसलेली मी बोलून गेले, "येईल. मी काढून देते."

आज त्या पोरीचं कौतुकही वाटतं आणि तिची कीवही येते. गाडी ठाण्यातून सुटून घरी आली होती. मोठेबाबांनी जॅक लावून मागची दोन्ही चाकं उचलून दिली. इंजिनाकडून मागे जाणाऱ्या लांब शाफ्टवर मी खडूची रेघ मारली, एक रेघ टायरवर मारली, आणि आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंची चाकं बरोबरीने, हळूहळू फिरवली. चाकाचे सहा फेरे झाले तेव्हा शाफ्टचे त्रेचाळीस झाले होते. मग गाडी खाली उतरवून ढकलली. चाकाच्या एका फेऱ्यात ती तीन मीटर दहा सेंटिमीटर पुढे जात होती. इंजिन मिनिटाला चोवीसशे फेऱ्यांपुढे जात नाही, तिथे त्याचा लगाम लागतो, हे त्याच्या पाटीवरच कोरलेलं होतं. टॉप गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो. भागाकार, गुणाकार, आणि उत्तर: ताशी बासष्ट किलोमीटर. यापुढे ही गाडी जाऊच शकत नव्हती. मी कागद वर धरला तेव्हा मोठी आई पदराने तोंड झाकून रडली, आणि त्या दिवशी तिने भाकऱ्या थापल्या त्या मोजून नाही. वकील म्हणाले, "छान. टाइप करून आणा, तारखेला दाखल करू."

टाइप करायला मी सीताबर्डीला निघाले होते. सिटी बसमध्ये पुढच्या बाकावर बसले होते. एका चौकाआधी चालकाने गिअरचा दांडा मध्ये आणून सोडून दिला, इंजिनाचा आवाज खाली बसला आणि बस नुसतीच पुढे घरंगळत राहिली. मी हातातला हिशोबाचा कागद पुन्हा उघडला. चाक आणि इंजिन यांची गाठ गिअरमध्ये असते. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर इंजिनाचा लगाम चाकाला लागतच नाही. मग उतार नेईल तितकी ती जाते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करतात हे मला माहीत होतं. माझ्या हिशोबात चूक नव्हती. गाडी गिअरमध्ये होती, एवढंच मी धरून चालले होते, आणि ते मी कोणाला विचारलं नव्हतं.

मी कागद टाइप करून घरी आणला आणि तीन दिवस गप्प राहिले. ते तीन दिवस सांगायला अजून जड जातात. मोठेबाबा कितीतरी दिवसांनी शिट्टी वाजवत दाढी करत होते. मी पुस्तकात तोंड घालून बसायची आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची. चौथ्या दिवशी ते कोळशाच्या फेरीला निघाले, तेव्हा मी म्हटलं, मला तो उतार बघायचाय. खरं तर तो उतार फारसा नसावा, एवढीच माझी इच्छा होती.

येताना गाडी भरलेली होती. दुपारचं ऊन पडलं होतं, रस्ता मोकळा. उतार सुरू झाला आणि मला तो दिसला, पार खालपर्यंत, पट्टीने आखल्यासारखा. मोठेबाबा मला त्यांच्या एका जुन्या फेरीची हकिगत सांगत होते. सांगता सांगता त्यांचा डावा हात दांड्यावर गेला, दांडा मध्ये आला आणि हात परत स्टिअरिंगवर. त्यांचं बोलणं तुटलंसुद्धा नाही. इंजिन पुटपुटायला लागलं आणि वाऱ्याचा आवाज वाढत गेला. रस्त्याकडेला दर दोनशे मीटरला एक पांढरा दगड होता. मी मनगटावरच्या घड्याळात बघत होते. बारा सेकंद. दहा. मग नऊ. दोनशे मीटर नऊ सेकंदांत. त्याला कागद लागत नाही. खाली गावाची घरं मोठी होत होती आणि रस्त्याच्या कडेने एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती.

"मोठेबाबा," मी म्हटलं, "ऐंशी झालेत. आणि गाडी न्यूट्रलमध्ये आहे."

त्यांनी दांड्याकडे पाहिलं, आणि दोन्ही पायांचा जोर लावल्यासारखे ते ब्रेकवर उभे राहिले. गाडी थरथरली, किंचाळली, पण थांबेना. ती बाई भारा टाकून शेतात पळाली. तिच्याही बरंच पुढे जाऊन आम्ही थांबलो, आणि मग तो जळका वास केबिनमध्ये भरला.

"हात आपोआप गेला वं," ते शेवटी म्हणाले. "मले समजलंबी नाही."

मी रडत होते.

"त्या दिवशीबी असाच गेला असन." मग माझ्याकडे वळून, "तुले मालूम होतं?"

"शंका होती. तीन दिवसांपासून."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"भीती वाटली."

"मलेबी वाटून रायली," ते म्हणाले, आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

पण नागपूरच्या रस्त्याला न लागता त्यांनी ती गावात वळवली. मास्तर ओसरीवर खाटेवर पडलेले होते, पायाला प्लास्टर. मोठेबाबांना ओळखून त्यांची बायको आत निघून गेली. मोठेबाबा जमिनीवर बसले आणि जे होतं ते सांगितलं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "मी तुम्हाला दिसलो होतो का?"

"दिसले होते, मास्तर. ब्रेकवर उभाच होतो. पण गाडी थांबली नाही."

मास्तरांनी डोळे मिटले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मोठेबाबांनीही माफी मागितली नाही.

तो कागद दाखल झाला नाही. वकील चिडले, मोठी आई माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. मोठेबाबांनी कोर्टात स्वतः सांगितलं. शिक्षा झाली, ती त्यांनी भोगली, परवाना गेला. पुढे ते एका गॅरेजमध्ये हातोडी-पान्याचं काम करत राहिले आणि वर्षातून एकदा बसने त्या गावाला जात. मास्तर लंगडत दारात येत, दोघे चहा घेत, फारसं बोलत नसत. असं कितीतरी वर्षं चाललं. आता दोघेही नाहीत.

तो उतारही आता नाही. रस्ता रुंद करताना चढ कापून काढला. त्या रस्त्याने जाताना माझा मुलगा गाडी चालवत असतो आणि ती जागा कधी मागे पडते ते कळत नाही. लोक मला म्हणतात, तू त्यांना खरं बोलायला लावलंस. तसं नाही. खरं ते बोलले. मी नुसती घाबरलेली होते. ती बस त्या चौकात घरंगळली नसती, तर मी तो कागद हसत हसत दाखल केला असता. एकही आकडा चुकलेला नव्हता. कोर्टाने मानला असता, मोठ्या आईने साखर वाटली असती, आणि मी जन्मभर समाधानाने झोपले असते. उतारावरच्या त्या नऊ सेकंदांची भीती वासाबरोबर येते आणि जाते. त्या समाधानाची भीती मात्र गेलेली नाही.