दुपटीचं भिंग

"भिंग पुसून डबीत ठेवलंस मां?" शेवटच्या संध्याकाळी हॉस्पिटलात ह्यांनी मला एवढंच विचारलं. जगाशी मराठी, माझ्याशी मात्र मालवणी. "आग लागो त्या भिंगाला, आधी बरे व्हा," मी खेकसले... पहाटे नर्स बाहेर आली आणि बाकावर माझ्या शेजारी बसली. ती बसली तेव्हाच मला कळलं. आता महिना उलटून गेला. लोक म्हणतात, सुमनताई, सावरा. कशाने सावरू?

ह्यांनी जन्मभर लोअर परळच्या एका छापखान्यात रंग जुळवले. छापलेल्या कागदावर भिंग ठेवायचं आणि ठिपके तपासायचे. भिंगातून दिसत नाही असं जगात काही नाही, हा ह्यांचा धर्म. देवाधर्माशी उभा दावा! निवृत्तीनंतर दुर्बीण घेतली, आणि माझी संकष्टी आली की ती लालबागच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर चढायची. "उपास तुझो, चंद्र माझो." समोर टॉवर उठत होता, त्यामुळे शेजारणी कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ बघून पानावर बसायच्या. मी मात्र गच्चीवरून "दिसलो गो! जेव आता" ऐकल्याशिवाय घास घेत नसे.

मग साखरेने डोळे खाल्ले. बघू तिथे मधोमध काळा डाग, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. हे ऐकतात कसले! म्हणाले, चंद्रच मोठा केला तर त्याची कड डागाच्या बाहेर उरेल. त्यासाठी बार्लो हवी. दुर्बिणीला डोळा लावतो त्या आयपीसआधी बसवायची छोटी नळी, आत भिंग, त्याने चित्र दुप्पट-तिप्पट होतं. रोज उठून तेच. शेवटी मीच ह्यांना हात धरून फोर्टातल्या दुकानात नेलं.

"पाचपट द्या," हे म्हणाले. दुकानदार भला माणूस. "काका, तुमची दुर्बीण लहान आहे. जितकं वाढवाल तितकं चित्र अंधूक होईल, आणि नुसता हात लागला तरी हलेल. दुपटीचीच घ्या." दारात एक दुर्बीण लावून त्याने समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी धरली. तिपटीने ह्यांना काहीच कळेना. घाम फुटला बिचाऱ्यांना. दुपटीचं भिंग लावलं, डोळा टेकवला, तिरका केला, पुन्हा टेकवला... "दिसतंय की! टाकीवर कावळा बसलाय."

मी डोळा लावला. टाकी होती. कावळा नव्हता. उडाला असेल म्हणावं, तर हे बघत होते तेव्हा मीही नुसत्या डोळ्यांनी टाकीकडेच बघत होते. दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "हीच द्या," मी म्हटलं, "मलाही दिसला कावळा."

त्या संकष्टीला गच्चीवर चाचपडत ह्यांनी दुर्बीण फिरवली आणि एकदम ओरडले, "दिसलो गो! केवढो मोठो! बघ, बघ!" मी वाकून पाहिलं. टॉवरच्या क्रेनवरचा दिवा होता तो, भिंगात फुगून गोल झालेला. खरा चंद्र अजून टॉवरमागे होता. ह्यांचा चेहरा मात्र लहान मुलासारखा फुलला होता. "दिसला हो," मी म्हटलं, खाली आले आणि मोदक खाल्ला. पुढची प्रत्येक संकष्टी मी त्या दिव्यावर सोडली. गणपतीबाप्पाला काय वाटायचं ते वाटो, मला माझा माणूस हसताना हवा होता.

परवा संकष्टी झाली. धापा टाकत दुर्बीण मीच वर नेली, दुपटीचं भिंग बसवलं. टॉवर पुरा झालाय, क्रेन उतरवली, दिवा गेला. कितीतरी वेळ उभी राहिले तेव्हा टॉवरच्या वर चंद्र आला. भिंगातून तो सारखा निसटत होता. एकदाचा सापडला. केवढा मोठा, खड्ड्यांसकट! आणि मला इतका राग आला त्याचा... काय करू मी ह्या खऱ्या चंद्राला? माझा तो दिवा द्या ना कोणीतरी परत.

खाली आले. ताट वाढून झाकलेलं होतं, तसंच राहिलं. भिंग पुसलं, डबीत ठेवलं, डबी ह्यांच्या उशीजवळ ठेवली. अहो, पुसून ठेवलं हो. आता तरी म्हणा "दिसलो गो"... भूक लागलीय मला.