लाल स्क्रूचं एक मिनिट

दोन तास चढून झाले, तरी माथ्यावरचा रेडिओचा खांब तेवढाच लांब दिसत होता. पुढे पाठीवर बॅटरी घेतलेला एकोणसत्तर वर्षांचा युस्टाश लारोंद, मागे रेडिओच्या नोंदींची वही आणि भाजलेला नीरफणस सांभाळत व्हर्लिना. रविवारी चर्चमध्ये त्याचा सत्कार होता. त्याच्यावर दोन पानं लिहून वाचायचं काम फादरांनी तिला दिलं होतं.

"तोंतों, जरा थांबा की. मी काय बकरी आहे?" काका म्हणून अख्खं गाव त्याला तोंतोंच म्हणे.

"बकरी एवढं बोलत नाही."

वरच्या खोपटात पोचल्यावर त्याने पेटी उघडली. आत तळहाताएवढा बोर्ड होता.

"दरीतून कुणी बोललं की हा रिसीव्हर ऐकतो. ही बारीक तार बोर्डाला सांगते, कुणीतरी आलंय. मग बोर्ड तो आवाज शहराच्या बाजूला वळवतो आणि तिकडचा ट्रान्समीटर चालू करतो. दरीतल्याने बटण सोडलं की बंद."

"आणि हा लाल स्क्रू?"

"वेळ. बटण दाबूनच ठेवलं तर ट्रान्समीटर तापून जळेल, म्हणून बोर्ड बोलणं मध्येच तोडतो. आधी तीन मिनिटं होती. तुम्हा बायकांच्या गप्पांना वैतागून मी एक केली."

व्हर्लिना हसली. तो हसला नाही.

"वादळाच्या दिवशी शहरातल्या सेटवर तूच होतीस. मा क्लोटिल्ड काय बोलली?"

ते ती विसरणं शक्य नव्हतं. नमस्कार केल्याशिवाय म्हातारी कधी कुणाला काम सांगायची नाही. 'बोंस्वा सगळ्यांना. बोंस्वा फादर. बोंस्वा व्हर्लिना, आईचा खोकला कसा आहे? बोंस्वा मिस्टर लारोंद...' अशी नावं घेत घेत शेवटी, 'ऐका, आमच्या इथे नदी...' आणि एकदम शांतता. नदीकाठी तिची दोन घरं होती. ती कुठल्या घरातून बोलतेय, कुणालाच कळलं नाही. माणसं वरच्या घरी गेली. ती खालच्या घरात होती.

"वाऱ्याने खांब हलला म्हणाले सगळे," व्हर्लिना म्हणाली.

"वही उघड. त्यानंतर सहा मिनिटांनी काय लिहिलंयस?"

तिच्याच अक्षरात होतं: दरीतल्या शाळेची हाक, आवाज स्वच्छ.

"खांब जागचा हलला नव्हता. माझ्या बोर्डाने तिला तोडलं. ती बटण दाबून बोलतच राहिली असणार. बटण दाबलेलं असताना तुझी हाक तिला ऐकू येणार नाही. आणि तिने बटण धरून ठेवलं असतं तर शाळेचा आवाज आलाच नसता; तो आला, म्हणजे तोवर तिचा हात सुटला होता." त्याने स्क्रू फिरवून पुन्हा तीन मिनिटांवर आणला. "इथली माणसं नमस्काराला किती वेळ घेतात, मला ठाऊक नव्हतं का?"

व्हर्लिनाने मनातल्या मनात मरियेची प्रार्थना म्हटली. मग म्हणाली, "तोंतों, तुमच्या त्या बोर्डाने त्या दिवशी चाळीस माणसं वाचली. रविवारी हे कशाला?"

"चाळीस लिही, नको कोण म्हणतंय? पण हेही लिही. आणि शेवटी ठेवू नकोस, शेवटी लोक टाळ्या वाजवायच्या घाईत असतात. उभी राहिलीस की सगळ्यात आधी हे वाच. बोंस्वा म्हणायच्याही आधी."